वाचकांचे प्रश्न : कागदावरची नक्षी मागावर चढताना

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: कागदावर सुरेख दिसलेली नक्षी कापडावर उतरली की ओळखू येत नाही. बहुतेकांनी दोष कारागिराला नाहीतर मागाला दिला आहे. आम्हाला तसं वाटत नाही. पेन्सिल हातात घेण्याआधी हुक (मागावर उभे धागे उचलणारे आकडे), उभे धागे आणि पिक (आडवे धागे) मोजले नसतील, तर पुढचं सगळं नशिबाच्या हवाली होतं. म्हणून खालच्या उत्तरांत आकडेमोड जरा जास्त आहे, ती सोडून वाचू नका. पत्रं जागेअभावी आखडती घेतली आहेत.

प्रश्न : मी टेक्स्टाइल डिझाइन शिकते. प्रकल्पासाठी सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान हा विषय घेतलाय. गवत, काळवीट, आभाळ असे ढीगभर फोटो जमवून भिंतीवर लावले, पण पुढे काय करायचं ते सुचत नाही. यातून चादरीचं डिझाइन कसं काढायचं?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

विषय उत्तम आहे, अडलंय ते फोटोंच्या ढिगामुळे. निम्म्याहून जास्त फोटो आजच उतरवून ठेवा. उरलेल्यांपैकी प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारा: यातलं मी नेमकं काय घेणार आहे? आकार, रंगांचं प्रमाण, की ओळींची लय? 'माळरानाचं वातावरण' हे उत्तर चालणार नाही, वातावरण विणता येत नाही. गवताच्या काड्या एकाच दिशेला कललेल्या आहेत, ही लय झाली. काळविटाची पाठ गडद आणि पोट पांढरं, ही रंगांची विभागणी झाली. असं एकेका फोटोखाली एका ओळीत लिहा. ज्याच्याखाली काही लिहिता येत नाही तो फोटो बाद.

त्यानंतर चित्र काढायच्या आधी एका कागदावर या गोष्टी नोंदवा: वस्तू कोणती, मोजमाप किती, वजन साधारण किती हवं, रंग किती, कोणत्या मागावर विणणार आणि त्या मागाच्या जॅकार्डला (नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या यंत्राला) हुक किती. शेवटच्या दोन गोष्टी कॉलेजात कुणी विचारत नाही आणि सगळं अडतं ते तिथेच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात जाऊन माग पाहून या, मालकांना हुक आणि इंचातले धागे विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता उदाहरणासाठी नेहमीची उलटसुलट दोन रंगी चादर धरू. विटकरी आणि पांढरा, असे दोन ताणे (उभे धागे) आणि दोन बाणे (आडवे धागे, म्हणजे पिक). ही दुहेरी वीण, एकावर एक दोन पदर. जिथे विटकरी पदर वर येतो तिथे पांढरा खाली जातो, म्हणून चादर उलटली की रंगांची अदलाबदल दिसते. समजा इंचाला एकूण ५२ धागे आणि ४४ पिक आहेत. आलेख कागदावरच्या नक्षीच्या एका घरात दोन्ही रंगांचा एकेक धागा आणि एकेक पिक जातो, त्यामुळे तुमच्या हातात प्रत्यक्षात इंचाला आडवी २६ आणि उभी २२ घरंच राहतात.

या हिशेबात तुमचं काळवीट बसवून बघू. उभं काळवीट ३ इंच उंच ठेवलं तर त्याला ६६ घरांची उंची मिळाली. त्यातली शिंगांसाठी २० घरं ठेवा. शिंगाची जाडी ३ घरं. पीळ दाखवायचा तर दर ५ घरांना शिंग २ घरं उजवीकडे, पुढच्या ५ घरांना २ घरं डावीकडे, असे चार वळसे बसतात आणि लांबून पाहणाऱ्याला पीळ नीट कळतो. गुळगुळीत वक्र रेषा काढायला गेलात तर तीच रेषा कापडावर दातेरी होते आणि पीळ दिसतच नाही. डोळ्याभोवतीचं पांढरं कडं मात्र सोडून द्या. त्यासाठी एकेकटी घरं भरावी लागतात आणि दुहेरी विणीत एकटं घर नक्षी न दिसता विणीतली चूक दिसते. गिऱ्हाईक बोटाने खरवडून पाहतं. नियम साधा ठेवा: कोणतीही रेषा किंवा ठिपका दोन घरांपेक्षा बारीक नको.

म्हणून आधी काळ्या कागदातून आकार कापून बघा. आत एकही रेषा न काढता, नुसत्या बाह्याकृतीवरून काळवीट ओळखू आलं तरच पुढे जा. नाही आलं तर उभं राहण्याची ढब बदला. मान वळवलेलं किंवा उडी मारणारं काळवीट समोरून पाहणाऱ्या काळविटापेक्षा लवकर ओळखू येतं.

मांडणीकडे या टप्प्यावर वळायचं. ४८० हुकांचं जॅकार्ड आणि ६० इंच रुंदीची चादर धरा. धागे झाले ३१२०. दोन्ही काठ प्रत्येकी १२० धाग्यांचे आणि एकमेकांचे आरसे, तर काठांना मिळून १२० हुक पुरतात. मधल्या अंगाला उरतात २८८० धागे आणि ३६० हुक. २८८० भागिले ३६० बरोबर ८, म्हणजे एक नक्षी आडवी आठ वेळा येते आणि तिची रुंदी सुमारे ७ इंच. हार्नेस (हुकांना ताण्याचे धागे जोडणाऱ्या दोऱ्या) आरशाच्या बांधणीचा असेल तर त्याच ३६० हुकांत जवळपास १४ इंचांची नक्षी मिळते, पण ती डावी-उजवी सारखीच असणार. सगळी काळविटं एकाच दिशेला धावताना हवी असतील तर आरशाची बांधणी उपयोगाची नाही; ती समोरासमोर तोंड करून उभी राहतील. हार्नेस कसा बांधलाय ते म्हणूनच आधी विचारायचं. तुमच्या एका डिझाइनसाठी कुणी हार्नेस उसवून पुन्हा बांधणार नाही.

विटांसारखी एकाआड एक मांडणी हवी असेल तर दोन्ही काळविटं एकाच नक्षीत बसवावी लागतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला साडेतीन इंचांपेक्षा कमी रुंदी. नक्षी तयार झाली की तीन आडव्या, तीन उभ्या अशा नऊ प्रती जोडून भिंतीवर लावा आणि आठ-दहा फुटांवरून डोळे किलकिले करून पाहा. जवळून न जाणवलेले तिरके पट्टे आणि मोकळे पाट तेव्हा दिसायला लागतात. बहुतेक वेळा एखादा घटक दहा-पंधरा घरं सरकवला की ते मोडतात.

आणखी एक चाचणी फारच कमी जण करतात. दुकानात चादर घडी घालून ठेवलेली असते. ६० बाय ९० ची चादर दोन्हीकडून चार पदरी केली की समोर दिसतो तो १५ बाय साडेबावीस इंचांचा तुकडा. तेवढ्यात निदान एक नक्षी पूर्ण दिसली पाहिजे. काळविटाचं मुंडकं घडीत गेलं आणि वर नुसते पाय राहिले, तर ती चादर कुणी उलगडून दाखवा असं म्हणणार नाही.

प्रश्न : करडईच्या फुलाची नक्षी संगणकावर केली, चौकोनी जाळीवर अगदी गोल होतं. नमुना विणून आला तर फूल उभट, अंड्यासारखं. कारागीर म्हणतो फाइलच तशी आहे. चूक कुणाची?
— एक वाचक, अशोक चौक

कारागीर बरोबर आहे. तुमच्या जाळीतलं घर चौकोनी आहे, कापडातलं नाही. वरच्याच मापाचं कापड धरलं तर इंचात आडवी २६ आणि उभी २२ घरं. १०० बाय १०० घरांचं फूल कापडावर ३.८५ इंच रुंद आणि ४.५५ इंच उंच होणार. ३ इंचांचं गोल फूल हवं तर ७८ घरं रुंद आणि ६६ घरं उंच काढा. पडद्यावर ते चपटं दिसेल, दिसू द्या. जुने नक्षीकार याचसाठी वेगवेगळ्या प्रमाणाचे आलेख कागद वापरत. आता सॉफ्टवेअरमध्ये धागे आणि पिक आधी भरले की पडद्यावरही खरं प्रमाण दिसतं, मात्र ते भरायला विसरायचं नाही.

एक सावधगिरी: धागे-पिकांचे आकडे मागावर ताणलेल्या कापडाचे घेऊ नका. उतरवून, निदान एक रात्र सैल ठेवलेल्या कापडावर भिंग लावून तीन जागी मोजा आणि सरासरी घ्या. ताणलेल्या कापडात पिक कमी भरतात आणि हिशेब मुळातच चुकतो.

फोटोवरून थेट फाइल करणाऱ्यांसाठीही इथेच सांगतो. नवी फाइल घरांच्या संख्येइतकीच उघडा. १८० घरं रुंद आणि ८ इंच उंच नक्षी म्हणजे १८० बाय १७६. रंग दोनच ठेवा आणि कडा मऊ करण्याची सोय बंद करा, नाहीतर विटकरी आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबी छटांची घरं तयार होतात आणि त्यांचं काय करायचं ते मागाला कळत नाही. सॉफ्टवेअरने आपोआप रंग कमी केलेल्या फाइलीत सुटे ठिपके शेकड्यांनी राहतात. ते हातानेच साफ करावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण निम्मं डिझाइन तिथेच होतं.

आणि पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की फुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत कापड 'फुगतं'. ते दुहेरी विणीमुळे. दोन पदर एकमेकांत अडकतात ते फक्त रंग बदलतो त्या कडेवर. चार-पाच इंच एकच रंग सलग राहिला की मध्ये पोकळ पिशवी तयार होते. धुतल्यावर ती जास्तच लोंबते. मोकळ्या जागेत दर दीड-दोन इंचांवर लहान बुट्टी पेरा किंवा नक्षीकाराला पदर टाचणारे टाके घालायला सांगा. बुट्टी पेरणं आम्हाला जास्त पसंत आहे, टाके गडद रंगावर ठिपक्यांसारखे उठून दिसतात.

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी शाळेचं बोधचिन्ह आणि नाव असलेले टेरी टॉवेल करून घेतले. नाव वाचताच येत नाही, बोधचिन्हातला दिवा म्हणजे नुसता डाग. पुढच्या वेळी काय सांगायचं?
— एक वाचक, सात रस्ता

टेरीत नक्षी उमटते ती लूपमधून, म्हणजे कापडावर उभ्या राहणाऱ्या सुताच्या फाशांतून, आणि लूप चादरीच्या घरापेक्षा बराच ठोकळ असतो. नेहमीच्या टॉवेलात इंचाला २८ लूपचे धागे धरा. दोन रंगी जॅकार्ड टॉवेलात त्यातले निम्मे एका रंगाचे, निम्मे दुसऱ्या रंगाचे. एक रंग वर असतो तेव्हा दुसरा मागे. म्हणजे आडवी घरं १४. लूपची एक ओळ तीन पिकांची, इंचाला ४८ पिक असतील तर उभ्या ओळी १६. बोधचिन्हाच्या छापील प्रतीत दिव्याची ज्योत एक मिलिमीटरच्या रेषेने काढलेली असते. इथे एकच घर पावणेदोन मिलिमीटरचं आहे. रेषा नीट टिकायला निदान दोन घरं, म्हणजे साडेतीन मिलिमीटर जाडी हवी. दोन रेषांमधली मोकळी जागाही तेवढीच हवी. लूप धुतल्यावर एका बाजूला कलतात आणि बारीक फटी बुजवून टाकतात.

देवनागरीचं गणित आणखी अवघड. शिरोरेषा, तिच्यावर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, आणि मध्ये 'क्ष', 'द्य' सारखी जोडाक्षरं. मात्रेपासून उकारापर्यंत किमान दीड इंच उंची मिळत नसेल तर नाव लूपमध्ये घालूच नका. टॉवेलाच्या टोकाला लूप नसलेली सपाट पट्टी असते, तिथे नाव विणून घ्या किंवा भरतकाम करून घ्या. शंभर-दोनशे नगांना भरतकाम बहुधा स्वस्तही पडतं, कारण त्यासाठी वेगळं डिझाइन मागावर चढवावं लागत नाही.

बोधचिन्ह लूपमध्येच हवं असेल तर ते नव्याने, मोजक्या भरीव आकारांत काढून घ्या. लूप आखूड ठेवायला सांगा. जाड, गुबगुबीत टॉवेल हाताला छान लागतो, पण लूप जितका उंच तितकी नक्षीची कड विस्कटते. वरची बाजू कातरून मखमलीसारखी केली तर कड स्वच्छ होते, मात्र त्या बाजूने पाणी कमी टिपलं जातं. मागच्या बाजूला अक्षरं उलटी दिसणार, यावर कसलाच इलाज नाही.

प्रश्न : सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वजांची चादर काढायचा विचार आहे. चालेल का?
— एक व्यापारी, साखर पेठ

विणायला सोपी, विकायला अवघड. चादर पायांवर घेतली जाते, अंथरली जाते. यात्रेतले पूज्य ध्वज तिच्यावर पाहून नाराज होणारे बरेच निघतील. त्याच विषयातलं दुसरं काही घ्या. सात उंच उभ्या काठ्यांची लय, पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीचे ठिपके, एवढ्यावरही सोलापूरकर विषय ओळखतो. नंदीध्वज तसेच दाखवायचे असतील तर भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र करा. सोलापुरात ते काम करणारे आहेतच.

प्रश्न : संगणकाच्या पडद्यावरचा विटकरी, रंगाऱ्याकडून आलेला विटकरी आणि चादरीतला विटकरी, तिन्ही वेगळे. शिवाय पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर लाली चढली. रंगाचं काम कोणत्या क्रमाने करावं?
— एक गृहउद्योजिका, विजापूर रोड

पडद्यावरून रंग ठरवायचाच नाही. पडदा उजेड फेकतो, सूत उजेड परतवतं, दोघांचं जमणं कठीण. छापील शेड कार्डापेक्षाही रंगवलेल्या सुताची लडी हातात असणं चांगलं. हवा तसा रंग सुतात किंवा कापडाच्या तुकड्यात शोधा, तो रंगाऱ्याला द्या आणि त्याच काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या जाडीचा आकडा; आकडा मोठा तितकं सूत बारीक), प्रत्यक्ष वापरायच्या त्याच सुतावर तीन छटा मागा: बरोबर, किंचित गडद, किंचित फिकी. पाच-दहा ग्रॅमच्या लड्या पुरतात. त्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर इंचभर रुंद, घट्ट, एकाशेजारी एक गुंडाळा. सैल लडीत पडणाऱ्या सावल्यांमुळे रंग गडद भासतो. मग दुकानातल्या दिव्याखाली आणि सकाळच्या उन्हात, दोन्हीकडे पाहा. काही रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात. असा रंग तिथेच नाकारा.

चादरीत रंग बदललेला दिसतो त्याचं कारण वेगळं आहे. विणीत ताणा आणि बाणा दोन्ही डोळ्यांत मिसळतात. विटकरी ताण्यावर पांढरा बाणा गेला की रंग फिका आणि दुधाळ होतो, निळा गेला की मळका. हे अंदाजाने कळत नाही, विणूनच पाहावं लागतं. त्यासाठी एक छोटं कापड विणा: ताण्यात सहा रंगांचे तीन-तीन इंचांचे पट्टे आणि बाण्यात तेच सहा रंग क्रमाने. अर्ध्या मीटरमध्ये छत्तीस जोड्या समोर येतात. असा तुकडा हाताशी असला की पुढच्या कितीतरी चर्चा वाचतात.

लाली चढली त्याबद्दल. सूत रिॲक्टिव्ह रंगात रंगवलं असेल तर सगळा रंग धाग्याला चिकटत नाही, काही भाग पाण्याशीच संयोग होऊन सुटा राहतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्यात नीट धुऊन काढावा लागतो. घाई असली की पहिली कात्री याच धुण्याला लागते आणि गडद लाल-विटकरी रंगात तिचे परिणाम सगळ्यात जास्त दिसतात. पांढऱ्याच्या जोडीला गडद रंग असेल तर व्हॅट नावाच्या दुसऱ्या जातीचे रंग विचारा. पक्केपणात ते वरचढ आहेत, झगमगीत छटा मात्र त्यात कमी मिळतात. घरच्या घरी तपासायचं तर रंगीत सूत आणि पांढरं सूत एकत्र वेणीसारखं गुंफा, साबणाच्या ६० अंश सेल्सिअस पाण्यात अर्धा तास हलवत ठेवा आणि वाळवून उलगडा. पांढऱ्यावर काहीही दिसलं तर ती लडी परत पाठवा. प्रयोगशाळेत धुण्याचा पक्केपणा १ ते ५ या पट्टीवर मोजतात, पांढऱ्या-गडद जोडीला ४ पेक्षा कमी घेऊ नका. ओल्या कापडाने घासण्याच्या चाचणीत गडद रंगांना ३ मिळाला तरी बाजारात चालून जातं.

पूर्ण ऑर्डरचं सूत एकाच लॉटमध्ये (एकाच वेळी, एकाच घाण्यात) रंगवून घ्या. नाइलाजाने दोन लॉट झालेच तर एक सगळा ताण्याला आणि दुसरा सगळा बाण्याला लावा. एकाच बीममध्ये (ताणा गुंडाळलेल्या रुळात) किंवा एकाच चादरीच्या बाण्याच्या कांड्यांत दोन लॉट मिसळले की पट्टे पडतात, आणि ते पट्टे कुठल्याही धुण्याने जात नाहीत.

प्रश्न : नमुना छान आला, १०० चादरींची ऑर्डर दिली. माल आला तर नक्षी लांबलेली, टोकाचा काठ अर्धाच कापलेला, आणि सूतही कमी पडलं म्हणून पुन्हा पैसे मागितले. काय लिहून द्यायला हवं होतं?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

आधी लांबलेली नक्षी. तुमच्या पत्रातल्या मापांवरून दिसतं की नमुना इंचाला ४४ पिकांनी विणला आणि माल ४२ पिकांनी. पिक कमी केले की माग त्याच वेळात जास्त कापड देतो आणि सूतही वाचतं, हे मागवाल्याला ठाऊक असतं. दर वेळी लबाडीच असते असं नाही. कापड गुंडाळण्याच्या गिअरचं चाक बदललेलं असतं आणि परत बदलायचं राहून जातं. परिणाम मात्र ठरलेला. ९० इंचांची चादर म्हणजे ३९६० पिक. ४२ ने विणली तर ती ९४ इंचांवर जाते. कापणारा माणूस फूटपट्टीने ९० वर कापतो आणि काठ अर्धा जातो. म्हणून 'लांबी ९० इंच' एवढंच लिहू नका. 'एका नगात ३९६० पिक, एक नक्षी ८ इंच' असं लिहा. पहिल्या नगावर आणि मग दर दहाव्या नगावर नक्षीची लांबी मोजायला सांगा. आठाच्या ऐवजी सव्वाआठ भरली की माग तिथेच थांबवायचा.

आता सूत. हिशेबाचं सूत्र सोपं आहे: इंचातले धागे गुणिले २३.२५, भागिले काउंट, म्हणजे त्या दिशेच्या सुताचं दर चौरस मीटर ग्रॅममधलं वजन. ताणा दुपदरी वीसचा, म्हणजे वीस काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेला असेल तर तो दहा काउंट धरायचा. ५२ धाग्यांचे झाले १२१ ग्रॅम. बाणा दहा काउंटचा, ४४ पिकांचे १०२. बेरीज २२३. धागे विणीत वळसे घेतात म्हणून ७ टक्के वाढवा, साधारण २३९. चादरीचं क्षेत्रफळ ३.४८ चौरस मीटर, म्हणजे एका चादरीचं वजन ८३० ग्रॅमच्या आसपास. त्यावर ५ टक्के तूट धरली तर १०० नगांना ८७-८८ किलो सूत लागतं. कांडीचं टोक, बीमचा शेवट, तुटलेले धागे, सगळं त्या तुटीत येतं. तूट शून्य धरून दर देणाऱ्यापासून जपून राहा. तो मध्येच हात पसरणार, तुमच्याकडे झालं तसंच.

ताण्याची लांबी वेगळी काढायची. १०० नगांचं कापड २२९ मीटर, वळशांचे ७ टक्के मिळवून २४५, बीम सांधताना सुरुवातीला जाणारे पाचेक मीटर धरून २५०. टोकांना ३-३ इंच झालर ठेवायची असेल तर आणखी १५ मीटर. झालरीचा ताणा विणला जात नाही, पण सोडावा तर लागतो. बहुतेकांचा ताणा इथेच कमी पडतो आणि शेवटच्या चार-सहा चादरी होतच नाहीत.

कागदावर रुंदीचेही दोन आकडे हवेत: फणीतली (मागावर ताण्याचे धागे ज्या खाचांतून जातात तिथली) आणि उतरल्यावरची. ३१२० धागे, ४८ नंबरची फणी (दोन इंचांत ४८ खाचा), खाचेत २ धागे, फणीतली रुंदी ६५ इंच. कापड उतरलं की ६०. फक्त ६० लिहिलं आणि मागवाल्याने ते फणीत धरलं तर चादर ५५-५६ ची निघेल. धुतल्यावर किती आटते ते नमुना धुऊन मोजा आणि तेही लिहा.

माग कुठला यावरही एक ओळ हवी. नमुना रेपिअरवर (बिनधोट्याच्या मागावर) आणि माल धोट्याच्या, म्हणजे बाणा इकडून तिकडे नेणाऱ्या शटलच्या मागावर, असं वारंवार घडतं. धोट्याच्या ज्या मागाला धोटे ठेवायच्या पेट्या एकाच बाजूला आहेत तिथे बाण्याचा रंग जोडीनेच बदलता येतो, कारण धोटा जाऊन परत यावा लागतो. एकाआड एक पिकाचं डिझाइन तिथे तसं उतरणारच नाही. जुन्या जॅकार्डवर पत्त्यांचाही (नक्षीप्रमाणे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा) खर्च आहे: दर पिकाला एक पत्ता, ८ इंचांच्या नक्षीला ३५२. ९० इंच अखंड, कुठेही पुन्हा न येणारी नक्षी म्हणजे ३९६० पत्ते. ते टोचायचे, शिवायचे आणि ठेवायचे कुठे, हा वेगळाच प्रश्न. असं डिझाइन इलेक्ट्रॉनिक जॅकार्डसाठीच राखून ठेवा.

नमुन्याचे नेहमी तीन नग करून घ्या. एक धुऊन तपासायला, एक सही करून मागवाल्याकडे, एक सही करून आपल्याकडे. आणि जमलं तर एप्रिल-मेमध्ये नवं डिझाइन पहिल्यांदा मागावर चढवू नका. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सुतातला ओलावा उडतो, धाग्यावरची खळ ठिसूळ होते आणि धागे तुटत राहतात. शेडमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखणारी सोय असेल तर प्रश्न नाही. नसेल तर प्रत्येक तुटलेल्या धाग्याची गाठ नक्षीत दिसते आणि दोष नव्या डिझाइनच्या माथी येतो.

प्रश्न : माझं डिझाइन दुसऱ्याने उचललं. 'सोलापुरी चादर'ला भौगोलिक मानांकन आहे ना, मग संरक्षण का नाही?
— एक डिझाइनर, दत्तनगर

ते मानांकन नावाचं आणि त्यामागच्या विणकाम परंपरेचं रक्षण करतं, तुमच्या नक्षीचं नाही. नक्षीसाठी डिझाइन कायदा २००० खाली स्वतंत्र नोंदणी लागते. अर्ज कोलकात्याच्या पेटंट कार्यालयातल्या डिझाइन विभागाकडे जातो, ऑनलाइन करता येतो. संरक्षण १० वर्षांचं, ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं. नोंदणी न करता कॉपीराइटवर विसंबणंही धोक्याचं: नोंदणीयोग्य डिझाइन औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा उतरवलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे तुमची पहिली शंभर नगांची ऑर्डर निघाली की तो मार्ग बंद.

नोंदणीला नवेपणा लागतो. मोरपिसासारखी रूढ नक्षी जशीच्या तशी नोंदवून मिळणार नाही, तिच्यातली तुमची नवी रचना मिळू शकते. आणि अर्जाच्या तारखेआधी डिझाइन कुठेही जाहीर झालेलं नको. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो किंवा प्रदर्शनात टांगलेला नमुना नवेपणाला बाधा आणतो. मागवाल्याला फाइल द्यायच्या आधी अर्ज करा. ते शक्य नसेल तर निदान फाइल दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या आणि काम संपल्यावर पत्त्यांचा संच परत मागा.

तुमचं डिझाइन आधीच बाजारात गेलेलं दिसतं, त्यामुळे त्याची नोंदणी आता होणार नाही. पुढच्या मालिकेचा अर्ज नमुना विणायला देण्याआधी टाका.